टायर आधी रिमला बसू द्या
नानांचं वर्कशॉप : वाचकांचे प्रश्न, नानांची उत्तरं

मागच्या अंकात स्लॉट कारबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्लॉट कार म्हणजे ट्रॅकवर विजेवर पळणारी खेळण्यातली रेसगाडी. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचा गाइड त्या खाचेत उतरतो आणि त्याला लावलेल्या तांब्याच्या वेण्या पट्ट्यांवरून वीज उचलतात. हातातला कंट्रोलर जितका दाबाल तितकी मोटर पळते. स्टिअरिंग नसतं. वळणावर हात आवरला नाही की गाडी खाच सोडून थेट सोफ्याखाली. ब्रिटनमध्ये १९५७ साली स्कॅलेक्स्ट्रिक नावाचे असे सेट आले, जर्मनीत १९६३ साली कॅरेराचे. आपल्या खानदेशात आलेले बहुतेक सेट कुणा मामा-काकाच्या बॅगेतून आलेले. बॅगेत गाडी येते, ट्रॅक येतो, सुटे टायर मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यामुळे पत्रं सगळी टायरचीच. सारख्या प्रश्नांची एकत्र मोट बांधली आहे.

प्रश्न : नाना, नातवाची १/३२ मापाची गाडी आहे. मागचे टायर झिजले म्हणून पाकिटावर ‘१/३२ साठी’ लिहिलेली नवी जोडी मागवली. रिमवर चढवली तर सैल. कंट्रोलर दाबला की रिम फिरते आणि टायर जागच्या जागी. विकणारा म्हणतो माल बरोबर आहे. आता दोष कुणाला द्यायचा?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, विकणारा खोटं बोलत नाही, पण पाकिटावरचा तो आकडा तुमच्या कामाचा नाही. १/३२ हे गाडीचं प्रमाण झालं. खरी गाडी बत्तीस पट मोठी, एवढंच त्यातून कळतं. त्या प्रमाणात मिनी कूपरही बनते आणि ल मान्सची रुंद बुडाची रेसगाडीही बनते. दोघींची चाकं एका मापाची कशी असतील? एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत, अहो एकाच गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतसुद्धा रिम वेगळी निघते. म्हणून टायर मागवताना गाडीचं नाव दुय्यम समजा. रिम मोजा.

जुना टायर काढून टाका आणि व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं हत्यार, घ्या. घरात नसेल तर गावातल्या कुठल्याही लेथवाल्याकडे चाक घेऊन जा, चहाच्या बोलीवर तो मोजून देईल. पण मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य येतंय का ते पाहायला सांगा, कारण पुष्कळांचे व्हर्निअर पाना म्हणून वापरलेले असतात. पहिलं माप टायर जिथे बसतो त्या जागेचा व्यास. दुसरं माप रिमच्या काठाचा व्यास, कारण काठ उंच असतो आणि टायरला त्यावरून चढून जावं लागतं. तिसरं माप दोन काठांमधली रुंदी. चौथी गोष्ट मोजायची नाही, निरखायची आहे. रिमच्या मधोमध उठलेली कड आहे, खाच आहे, की ती सपाट आहे?

या चौथ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. टायरच्या आतल्या अंगाला कड असते ती रिमच्या खाचेत बसण्यासाठी. तीच कड सपाट रिमवर आली की टायर मधे फुगतो आणि गाडी त्या फुगवट्यावरच चालते, दोन्ही बाजू अधांतरी. उलट, कडेच्या रिमवर आतून सपाट टायर चढवला तरी तेच. गाडी कोऱ्या टायरवर घसरते आणि माणूस रबराला शिव्या देतो.

आता सैलपणाचं. टायरचा आतला व्यास रिमच्या व्यासाएवढा असून भागत नाही, तो लहानच हवा. मी भुसावळला रेल्वेत फिटर होतो. रेल्वेच्या चाकावर पूर्वी वेगळा पोलादी टायर चढवायचे. तो चाकापेक्षा किंचित कमी मापात बोअर करायचा, हजारात साधारण एक भाग कमी, मग तापवून फुगवायचा आणि चाकावर उतरवायचा. गार झाला की असा आवळून बसायचा की त्याच्या भरवशावर अख्खी गाडी जायची. तुमच्या गाडीत पोलादाच्या जागी रबर आहे, म्हणून तापवायची गरज नाही, हाताने ताणता येतं. आणि ताणही त्या मानाने बराच जास्त लागतो. पण नियम तोच, पकड आवळण्यातून येते.

किती आवळ हवा हे बोटांनी तपासा. रिमच्या काठावरून टायर चढवताना दोन्ही अंगठे लागले पाहिजेत. चढल्यावर रिम एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हाताने टायर पिळा, तो सरकता कामा नये. मग चाक डोळ्यांसमोर आडवं धरून उजेडाकडे बघा. टायरचा माथा सपाट दिसला तर माप जुळलं. मधे खड्डा पडून कडा वर आल्या, किंवा टायर इतका पातळ झाला की आतली रिम जाणवते, तर ताण जास्त झाला. असा अति ताणलेला टायर आपल्याकडच्या उन्हाळ्यात कडेने चिरतो.

तुमची सैल जोडी एवढ्यात फेकू नका. टायर आणि रिममध्ये उजेड दिसत नसेल तर रिमवर मास्किंग टेपचा एक फेरा मारा, टायर चढवा, कडेने फेव्हिक्विकचा बारीक थेंब सोडा. टोचणीच्या टोकाने सोडायचा, बाटलीने नाही. उजेड दिसत असेल तर परत करा. पुढची मागणी देताना मिलिमीटर लिहा. स्लॉट डॉट इटसारख्या इटालियन कंपन्या चाकाचं माप १५.८ × ८.२ असं देतात, पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा रुंदीचा. ज्या विक्रेत्याला ही भाषा कळते त्याच्याकडूनच घ्यावं, असं माझं मत.

प्रश्न : नाना, माझ्याकडे कॅरेराची १/२४ आहे. सरळ पट्टीवर अजून वेग मिळावा म्हणून मागे १ मिमी मोठ्या व्यासाचे टायर टाकले. सरळ पट्टीवर फरक काही कळत नाही आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा लवकर उडते. टायर खराब आहेत का?
— कॉलेजातला वाचक, चोपडा

उत्तर : टायर चांगले आहेत भो, त्यांनी गाडी उचलली म्हणून हे होतंय. गाडीचं पोट उलटं करून बघ, मागच्या बाजूला लोहचुंबक दिसेल. ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी जातीच्या असतात. चुंबक त्यांना खाली ओढतो आणि गाडी वळणावर चिकटून राहते. व्यास १ मिमी वाढला की अॅक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, अर्धा मिमी वर जातो आणि चुंबकही जवळपास तेवढाच वर येतो. अर्धा मिमी म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने पडते आणि मुळात चुंबक नि पट्टी यांच्यातली फटच एक-दीड मिलिमीटरच्या घरात असते. त्यात अर्ध्याची भर म्हणजे ओढीला मोठी कात्री.

वेगाचा हिशोबही करून बघ. २० मिमीच्या टायरचा घेर ६२.८ मिमी, २१ मिमीच्या टायरचा ६६. एका फेऱ्यात गाडी ५ टक्के पुढे जाते, हे खरं. पण त्याच मोटरला आता तेवढाच जास्त भार ओढायचाय. वळणातून निघताना ती उशिरा उचलते आणि ब्रेकही उशिरा लागतो. घरातल्या ट्रॅकची सरळ पट्टी ती असून असून किती? पूर्ण वेग येईपर्यंत पुढचं वळण हजर. म्हणून घरच्या ट्रॅकवर टायर किंचित लहान असलेलाच बरा.

फार लहानही करू नको. टायर झिजत झिजत एका मर्यादेखाली गेला की अॅक्सलवरचं मोठं दातेरी चाक ट्रॅकला टेकतं आणि करकर आवाज येतो. चुंबक पट्टीला घासायला लागला तरी गाडी अडखळते. तुझ्या गाडीसोबत आलेला जुना टायर मोज, त्या मापापासून पाव मिमी इकडे-तिकडे एवढ्यातच खेळ.

प्रश्न : आम्ही चार-पाच मित्र मिळून एकाच्या गच्चीवरच्या खोलीत ट्रॅक मांडतो. एकाकडे सिलिकॉनचे टायर, एकाकडे युरेथेन, बाकीच्यांचे साधे रबराचे. पहिल्या अर्ध्या तासात सिलिकॉनवाला सगळ्यांना मागे टाकतो, मग त्याचीच गाडी बर्फावर चालल्यासारखी होते. चांगला टायर नक्की कोणता?
— वाचक, जळगाव

उत्तर : प्रश्नात निम्मं उत्तर तुम्हीच दिलंय. सिलिकॉनची पकड स्वच्छ गुळगुळीत प्लास्टिकवर जबरदस्त असते. पण ते धूळ ओढून घेतं आणि एकदा धूळ बसली की पकड संपलीच. त्यात तुमचं गाव जळगाव, खोली गच्चीवर. काळ्या मातीची बारीक धूळ तर बारा महिने, आणि जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचं तूस. ते तूस टायरवर बसतंच, शिवाय अॅक्सलला गुंडाळलं जातं, बुशमध्ये, म्हणजे अॅक्सल ज्यात फिरतो त्या कडीत, शिरतं आणि तेलात भिजून त्याचा काळा बोळा होतो. खेळ सुरू करण्याआधी अॅक्सल चिमट्याने साफ करा. टायर चांगला आणि अॅक्सल आवळलेला, असं असेल तर काय उपयोग?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. रबरी टायर चालता चालता ट्रॅकवर आपला थोडा अंश सोडतात, काळपट थर बसतो. रबराला तो थर मानवतो, उलट पकड वाढते. सिलिकॉनला तो अजिबात चालत नाही. म्हणजे तुमचे बाकीचे रबरवाले जितके फेरे मारतात तितका सिलिकॉनवाल्याचा रस्ता बिघडतो. यात लबाडी कुणाची नाही. पण एका ट्रॅकवर दोन जाती चालवायच्या नाहीत, हे आधी ठरवा. परदेशातले पुष्कळ क्लब सिलिकॉनला दारातच अडवतात, ते यासाठीच.

मग ठेवायचं काय? ट्रॅक कोणता ते पत्रात नाही, म्हणून तिन्ही सांगतो. स्कॅलेक्स्ट्रिकचा स्पोर्ट ट्रॅक बराच गुळगुळीत असतो, कॅरेराला थोडी खर असते, आणि निन्कोचा पृष्ठभाग तर पॉलिश पेपरसारखा खरबरीत. निन्कोवर मऊ टायर भराभर झिजतो, तिथे गाडीसोबत आलेलं कडक रबरच ठेवा. कॅरेरा किंवा स्कॅलेक्स्ट्रिक असेल तर माझं मत युरेथेनला. प्लास्टिकवर त्याची पकड साध्या रबरापेक्षा चांगली, धुळीचा त्रास सिलिकॉनपेक्षा कमी, घासून गोल करता येतं आणि झिजतं सावकाश. जर्मनीचे ऑर्टमानचे टायर याच जातीतले. सुताराकडून प्लायवूडचा ट्रॅक करून रंग दिला असेल तर मात्र रबर किंवा युरेथेन दोन्ही लावून बघा. रंग कोणता यावर पुष्कळ ठरतं.

साफ करायची पद्धत जातीप्रमाणे बदलते. युरेथेन ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा, बस. त्याला तेलाचा हात लावू नका. सिलिकॉन चिकटपट्टीच्या चिकट बाजूवर दोन-चार वेळा फिरवलं की धूळ निघून येते. रबर लायटरच्या पेट्रोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसतात. तिथे कुणी सिगारेट ओढत बसू नका आणि ते पेट्रोल गाडीच्या रंगीत बॉडीला लागू देऊ नका. काही जण रबराला तेल चोळतात, त्याने पकड वाढते हे खरं. पण रबर फुगतं, व्यास बदलतो, रिमवर सैल पडतं आणि ट्रॅक सगळ्यांसाठी तेलकट होतो. तुमच्या गटात कुणी तसं करत असेल तर पुढच्या चहाचं बिल त्याच्यावर टाका.

प्रश्न : नानाकाका, मी नववीत आहे. माझी गाडी सरळ रस्त्यावर टुणटुण उड्या मारते. आजी म्हणते, “गाडी सरळ चालस नही, नाचस.” दोन वेगळे टायर लावून पाहिले, तरी तेच.
— वाचक, फैजपूर

उत्तर : बेटा, आजीला सांग की निदान अगदी बरोबर आहे. दोन टायर बदलून तेच होतंय, म्हणजे दोष टायरच्या खाली असणार. आधी मागचा अॅक्सल चाकांसकट बाहेर काढ. आरशावर किंवा खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवून हळू लोट आणि डोळा काचेच्या पातळीवर आणून बघ. मधला दांडा वरखाली होतो का? होत असेल तर अॅक्सल वाकलाय, बदलावा लागेल. दांडा स्थिर आणि चाक डुलतंय, तर चाक तिरपं बसलंय. चाक स्क्रूचं असेल तर बारीक एलन कीने सैल करून अर्धा फेरा फिरव आणि पुन्हा आवळ. दाबून बसवलेलं प्लास्टिकचं चाक असेल तर सरळ दाबून बघ, पण जोर लावण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला हाक मार. इटालियन गाड्यांचे अॅक्सल ३/३२ इंच, म्हणजे २.३८ मिमीचे असतात. दुसऱ्या मापाचं चाक त्यावर घातलं तरी ते डुलणारच.

एवढं करूनही उड्या राहिल्या तर टायर गोल करायचा. आधी तो रिमला चिकटव, कारण सुटा टायर घासताना ताणला जातो आणि घासून झाल्यावर पुन्हा वेडावाकडा होतो. रबर आणि युरेथेनला फेव्हिक्विक चालतं. एक बाजू उचलायची, टोचणीने थेंब सोडायचा, टायर खाली सोडायचा, चाक फिरवून पुढचा थेंब. बोटं चिकटतात, म्हणून हे काम मोठ्यांकडून करून घे. सिलिकॉनला मात्र फेव्हिक्विक धरत नाही. त्याला खिडकीच्या काचा बसवतात तो सिलिकॉन सीलंट पातळ लावून एक रात्र ठेवावं लागतं.

मग १५० नंबरचा पॉलिश पेपर सपाट पाटीवर टेपने ताणून चिकटव. गाडीच्या वेण्यांना वीज दे, मोटर मध्यम वेगाने फिरू दे आणि मागचं चाक पेपरला नुसतं टेकव. दाबायचं नाही. दाबलं की टायर तापतो, चिकट होतो, आणि जिथे उंचवटा असतो तिथे रबर दबून निसटतं आणि घासलं जात नाही. युरेथेन असेल तर पेपर ओला ठेव, पाणी मोटरपर्यंत जाऊ देऊ नको. मधूनमधून मोटर थांबवून बघ. नव्या टायरचा चकचकीत भाग म्हणजे अजून न घासलेला भाग. घेरभर एकसारखा मंद रंग आला की झालं. शेवटी ४०० नंबरचा हलका हात, आणि दोन्ही कडा किंचित गोल कर. तीक्ष्ण कड वळणावर ट्रॅकला अडकते आणि गाडी लोळते. दोन्ही चाकांचा व्यास मोजून सारखा आलाय ना बघ. एक चाक लहान राहिलं तर गाडी एका अंगाला कलते आणि एकाच बाजूच्या वळणावर रुसते.

सिलिकॉन पॉलिश पेपरने नीट घासलं जात नाही, नुसतं फाटतं. त्यामुळे सिलिकॉन घेतानाच गोल आहे का ते बघून घ्यायचं. आणि घासताना नाकाला रुमाल बांध.

प्रश्न : पुढच्या टायरलाही चांगली पकड हवी का?
— वाचक, शहादा

उत्तर : नको. पुढची चाकं गाडी ओढत नाहीत आणि वळवतही नाहीत, ते काम गाइडचं. पुढच्या टायरला पकड असली तर तो वळणावर उगाच अडतो आणि गाइडला खाचेतून वर उचलू बघतो. पुढे कडक, अरुंद, गुळगुळीत टायर लावा. मऊच असतील तर त्यांवर नेलपॉलिशचा एक हात फिरवा. उंची एवढीच ठेवा की गाइड खाचेत पूर्ण उतरलेला असताना चाकं ट्रॅकला जेमतेम टेकतील.

प्रश्न : भावाने पंधरा-वीस वर्षांपूर्वी आणलेला सेट माळ्यावर होता. मुलगा आता मागे लागलाय. गाड्या छान आहेत, पण टायर दगडासारखे कडक, दोन तर चिरलेत. एका गाडीचे टायर डब्याच्या प्लास्टिकला चिकटून बसलेत. गरम पाण्यात उकळले तर मऊ होतील का?
— वाचक, धुळे

उत्तर : ताई, उकळून ते मऊ होतील ते पाणी गरम असेपर्यंतच. रबरातला मऊपणा देणारा तेलकट अंश वर्षानुवर्षं उडत जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तो जास्त वेगाने जातो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ ला टेकतो, मग माळ्यावर काय होत असेल ते तुम्हीच जाणता. गेलेला अंश पाण्याने परत येत नाही. कुणी तेलात बुडवायला सांगेल, त्याने टायर वरून चिकट होतो आणि फुगून रिमवरून उतरतो. चिरलेला तर वाचतच नाही.

गरम पाण्याचा खरा उपयोग टायर काढण्यासाठी. उकळतं नको, हाताला सोसवेल त्याहून थोडं जास्त गरम पुरे. त्यात फक्त चाक दोन मिनिटं धरा, मोटर भिजवू नका. टायर थोडा सैल झाला की बोथट काडीने, आइस्क्रीमची काडी उत्तम, काठावरून उचला. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकच्या रिमला खड्डा पडला की नवा टायरही तिथे उचकटतो. टायर रिमलाच चिकटून गेला असेल तर ब्लेडने टायर आडवा कापून काढा. टायर नवा मिळेल, पण त्या जुन्या गाडीची रिम मिळणं कठीण.

डब्याला चिकटलेल्या टायरचं कारणही तोच अंश आहे. काही मऊ टायरमधून तो बाहेर पडून शेजारच्या प्लास्टिकला विरघळवतो, आणि उष्णतेत हे लवकर होतं. कधी कधी रिमचाही याच कारणाने गाळ झालेला असतो. टायर काढल्यावर रिम खडबडीत किंवा मऊ लागली तर तिच्यावर नवा टायर चढवून पैसे घालवू नका, चाकांची जोडीच बदला.

मुलाला आता सांगून ठेवा. खेळ झाला की गाडी चाकांवर उभी ठेवायची नाही. पोटाखाली लाकडाचा छोटा ठोकळा द्यायचा म्हणजे टायर अधांतरी राहतात, खाली चपटे होत नाहीत आणि कशाला चिकटतही नाहीत. सेट माळ्यावर न ठेवता खालच्या कपाटात ठेवा, जिथे धान्याची कोठी ठेवाल तिथे. नवे टायर मागवताना अमळनेरच्या गुरुजींना दिलेलं उत्तर वाचा, आणि कापून काढलेले जुने टायर टाकून देण्याआधी त्यांची रुंदी मोजून घ्या. व्यास मात्र जुन्या टायरवरून ठरवू नका, आकसलेला टायर खरं माप सांगत नाही.

प्रश्न : नाना, केळीच्या ठिबकचे ग्रोमेट घरात पिशवीभर पडलेत. रबर मजबूत, गोल आणि मधे भोक. ते टायर म्हणून का चालू नयेत? आणि मोटर दुरुस्तीवाल्याकडचे ओ-रिंग?
— केळी उत्पादक, रावेर

उत्तर : डोकं चांगलं चाललंय, पण ग्रोमेट जिथे आहेत तिथेच राहू द्या. ग्रोमेट पाइपच्या भोकात अडकून बसावा म्हणून त्याला बाहेरून खाच असते. म्हणजे चाकावर घातला की ट्रॅकला टेकतात त्या फक्त दोन कडा आणि मधे पोकळी. आतलं भोकही टेक-ऑफच्या, म्हणजे पाइपला बारीक नळी जोडायच्या तुकड्याच्या, मापाचं, रिमवर चढवायला इतकं ताणावं लागेल की बाहेरच्या कडा वाकड्या होतील. शिवाय ते रबर पाणी आवळून धरण्यासाठी कडक केलेलं असतं. त्याची ट्रॅकवर पकड जवळजवळ नाही.

ओ-रिंगचं मात्र अर्धं जमतं. काळी नायट्राइलची ओ-रिंग गोल असते, कडक असते आणि मापात मिळते. दुकानदार आतला व्यास आणि जाडी दोन्ही सांगतो, हे टायरवाल्यांपेक्षा बरं. तिचा छेद गोल असल्यामुळे ट्रॅकला ती एका बारीक रेषेत टेकते. मागच्या चाकाला हे बिलकूल चालणार नाही, गाडी जागेवर फिरत बसेल. पण पुढच्या चाकाला नेमकं हेच हवं असतं, शहाद्याच्या प्रश्नात सांगितलं तसं. रिमला मधे खाच असेल तर ओ-रिंग तिथे छान बसते. रिम सपाट असेल तर फेव्हिक्विकचे तीन-चार थेंब लागतील. आतला व्यास रिमपेक्षा एक मिमी कमी घ्या, आणि दुकानात चाक सोबत न्या. पंपाच्या ओ-रिंग घेणाऱ्यांच्या गर्दीत खेळण्याचं चाक काढायला लाजू नका, काउंटरवरचा पोरगा आधी हसेल आणि मग गाडी कुठे मिळते ते विचारेल.